हिशेबात न धरलेले बावीस दिवस



मागच्या महिन्यात या पेजवर मी 2025 च्या खरिपाचा एका एकराचा हिशेब टाकला होता. इंद्रायणी भात, चारसूत्री लागवड. बऱ्याच जणांनी तो शेअर केला, काहींनी फोन करून विचारलं. त्या हिशेबात एक मोठी चूक होती. ती कुठल्या कृषी अधिकाऱ्याने काढली नाही, माझ्या बायकोने काढली. ती दुरुस्त करायला आज बसलोय. थोडं लांब आहे, चहा घेऊन वाचा.

आधी जुना हिशेब परत देतो, ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी.

बियाणं – 900
ट्रॅक्टर, चिखलणी – 5000
खत, युरिया-डीएपी ब्रिकेट धरून – 3200
मजुरी, बाया 24 दिवस, 400 प्रमाणे – 9600
मजुरी, गडी 5 दिवस, 600 प्रमाणे – 3000
मळणी यंत्र – 2500
गिरणी आणि वाहतूक – 4000
फवारणी, पोती, किरकोळ – 1800
एकूण – 30,000

भात निघालं 16 क्विंटल. गिरणीवरून तांदूळ आला 10 क्विंटल. रावेत, किवळ्याच्या सोसायट्यांमध्ये 60 रुपये किलोने घरपोच दिला. आले 60 हजार. खाली मी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "निव्वळ नफा 30,000."

मुलीने ती पोस्ट संध्याकाळी घरात वाचून दाखवली. बायको भाकरी थापत होती. म्हणाली, "अहो, ह्याच्यात माझी मजुरी कुठं धरली?"

मी हसलो. म्हटलं, "घरच्या माणसाची कसली मजुरी?"

ती काही बोलली नाही. भाकरी उतरवली, हात पुसला आणि भिंतीवरचं कालनिर्णय काढून माझ्यापुढं ठेवलं. आमच्याकडे दुधाचा आणि मजुरांचा हिशेब तीच कालनिर्णयवर लिहिते. जुलैचं पान उघडलं. एका चौकोनात होतं "लावणी 5 + मी". पुढच्या चौकोनात परत "5 + मी". ऑगस्टमध्ये "बेणणी 2 + मी", मग नुसतंच "मी", "मी", "मी". नोव्हेंबरमध्ये "कापणी 4 + मी". मजूर मोजताना मी आधीचा आकडा वहीत उतरवून घेतला होता आणि "+ मी" सोडून दिलं होतं.

मग आम्ही दोघांनी बसून मोजलं. राब भाजणी आणि रोपवाटिका 3 दिवस. रोप काढणं आणि लावणी 4. बेणणी 6. कापणी-बांधणी 4. मळणीला हातभार, उफणणी, वाळवण 5. एकूण 22 दिवस, एका एकराला. ह्यात गोठा धरला नाही, मजुरांना चहा-भाकरी नेली ती धरली नाही, घरातलं तर काहीच धरलं नाही.

बाहेरच्या बाईला 400 देतो त्या दरानेच तिचे 22 दिवस धरले तर 8800 होतात. माझे स्वतःचे 14 दिवस गड्याच्या दराने 8400. दोन्ही मिळून 17,200. म्हणजे खर्च 47,200 आणि नफा 12,800. जो तीस हजार "नफा" मी छातीठोकपणे टाकला होता, त्यातला अर्ध्याहून जास्त आमच्या दोघांच्या घामाचा पगार होता. त्यातही तिचा वाटा माझ्यापेक्षा जास्त. जमिनीचं भाडं आणि भांडवलाचं व्याज तर अजून धरलेलंच नाही.

आता कृषीवाल्या मित्रांना ह्यात नवीन काही वाटणार नाही. केंद्राचा कृषी मूल्य आयोग खर्च काढतो तेव्हा तीन पायऱ्या असतात. ए-टू म्हणजे खिशातून गेलेला पैसा. ए-टू अधिक एफएल म्हणजे त्यात घरच्या माणसांची मजुरी मिळवलेली. सी-टू म्हणजे त्यातही स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि भांडवलाचं व्याज धरलेलं. सरकार हमीभाव दीडपट म्हणतं ते ए-टू अधिक एफएलवर. आपण शेतकरी म्हणतो, नाही, सी-टूवर दीडपट पाहिजे, स्वामिनाथन आयोगाप्रमाणे. मीही मोर्चात ओरडलोय.

पण बघा काय गंमत आहे. दिल्लीला आपण ओरडून सांगतो की आमच्या घरच्यांची मजुरी धरा, आणि घरातल्या वहीत मात्र स्वतःच ती धरत नाही. माझी वही ए-टूच्या पुढं कधी गेलीच नव्हती. घरच्या बाईचा दिवस आपल्यालेखी फुकट आहे, आणि माझं म्हणणं असं आहे की बाहेरून येणाऱ्या बाईला आपण जो कमी दर देतो त्याचं मूळही तिथंच आहे. जे काम घरात फुकट होतं, त्याला बाहेर कोण किंमत देईल?

आता बाहेरून येणाऱ्या बायांचं सांगतो.

2025 ला पाऊस मे महिन्यातच उतरला. धूळवाफेवर पेरणी जमली नाही, रोपवाटिकेचं गणित बिघडलं, तुम्हाला माहीत आहेच. तरी रोप चांगलं आलं. एकवीस-पंचवीस दिवसाचं रोप लावायचं असं ठरवून चिखलणीचा ट्रॅक्टर सांगितला आणि नेहमीच्या टोळीला निरोप दिला. ही टोळी आमच्याकडे आठ-नऊ वर्षं येते. मावळच्या वरच्या अंगाच्या बाया, हात असा की दोरी न लावता ओळ सरळ. ठरलेल्या दिवशी टोळी आलीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दुसऱ्या बाया शोधेपर्यंत दहा-बारा दिवस गेले. रोप पस्तीस दिवसांचं झालं. जुनं रोप लावलं की फुटवे कमी, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. दरवर्षी ह्या एकरात 18 क्विंटल होतात, ह्यावेळी 16 झाले. ऑक्टोबरच्या पावसानेही थोडं नुकसान केलं असेल, सगळा दोष उशिराला देत नाही. पण दोन क्विंटल भात म्हणजे सव्वा क्विंटल तांदूळ, म्हणजे साडेसात हजार रुपये.

त्या दिवसांत आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळ्यांचं एकच रडगाणं होतं. "लाडकी बहीणमुळे बाया माजल्या. घरबसल्या पैसे मिळतात, कामाला कशाला येतील?" मीही दोन अंगठे दाबले होते.

मग एक दिवस देहूरोडच्या बाजारात टोळीच्या म्होरक्या मावशी भेटल्या. मी जरा घुश्शातच विचारलं, "काय मावशी, आता पंधराशे मिळतात म्हणून आमचा चिखल नको झाला का?"

मावशी म्हणाल्या, "दादा, पंधराशात काय होतंय? ग्यास येतो आन नातवाची वह्या-पुस्तकं. आम्ही फुलाच्या पॉलिहाऊसला जातो. तिथं बी अंग मोडतंच. पण म्हैन्याला पगार हातात येतो, डोक्यावर आडोसा हाय, आन संडास हाय. तुमच्याकडं दिवसभर पाणी प्यायची चोरी."

मला आधी कळलंच नाही, पाणी प्यायची चोरी म्हणजे काय. आमच्या बांधावर पाण्याचा हंडा असतो. घरी येऊन बायकोला विचारलं. ती म्हणाली, "एका बाजूला एक्सप्रेसवे, दुसऱ्या बाजूला सोसायट्यांच्या गॅलऱ्या. बाईमाणसाने जायचं कुठं? म्हणून कोणी पाणीच पीत नाही. मी पण नाही पीत." आठ-नऊ वर्षं ह्या बाया माझ्या रानात राबल्या, माझी बायको तीस वर्षं, आणि मला हे माहीत नव्हतं.

आता पंधराशेचा हिशेब करू. लाडकी बहीण जुलै 2024 पासून सुरू झाली. महिन्याला 1500 म्हणजे दिवसाला 50 रुपये. पन्नास रुपयांच्या आधाराने जर एखादी बाई आपलं काम नाकारू शकत असेल, तर मंडळी, माजली कोण हे सोडा, आपलं काम किती वाईट असेल ते बघा. आधी तिला नाही म्हणायची सोय नव्हती, आता थोडी झाली. आपल्याला व्यापाऱ्याला नाही म्हणता यावं म्हणून आपण गोडाऊन मागतो, तारण कर्ज मागतो. तेच आहे हे.

आणि तळेगाव, चाकणच्या कंपन्या, नवीन सोसायट्यांमधली धुणी-भांडी, तळेगावच्या बाजूची गुलाबाची पॉलिहाऊसं, हे सगळं आपल्या शेताशेजारी आहे. व्हॅलेंटाईन डेला परदेशात जाणारा गुलाब मावळातूनच जातो. त्या कामांतही ठेकेदार आहे, फवारणीचा वास आहे, सीझनला जादा तास आहेत. ते फार सुखाचं आहे असं मी म्हणत नाही. पण बाईच्या मजुरीसाठी आता आपली स्पर्धा त्यांच्याशी आहे.

आता दराचं बोलू. बाईला 400, गड्याला 600. विचारलं की आपण सांगतो, गडी जड काम करतो. पोतं उचलतो, बांध घालतो. ठीक. मग लावणी हलकं काम आहे का? दिवसभर पोटऱ्यांपर्यंत चिखलात, कंबरेत वाकून, वर पाऊस. चारसूत्रीत 15 बाय 25 सेंटीमीटरची जोडओळ, चुडात दोन-तीन रोपं, जास्त नाही, खोलही नाही. हे अंतर चुकलं तर ब्रिकेट कुठं खोचणार? डॉ. नारायण सावंतांनी काढलेली ही पद्धत अख्खी त्या बायांच्या बोटांवर उभी आहे. मी स्वतः एक तास लावणी करून पाहिली. माझी ओळ बघून टोळी हसली होती.

समान मोबदल्याचा कायदा 1976 ला आला. सारख्या कामाला सारखा दाम, बाई असो का पुरुष. आपण काम असं वाटून ठेवलंय की सारखं काम दिसतच नाही. वाकायचं ते बाईचं, उभ्याने करायचं ते गड्याचं, आणि उभ्याचा दर जास्त. नवीन यंत्र आलं की तेही गड्याकडे. लावणी यंत्र आलं तर ते चालवायला पोरगा बसेल आणि दहा बायांचा रोज जाईल. बारामती आणि नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रांतल्या मंडळींना माझी विनंती आहे, यंत्राचं प्रशिक्षण द्याल तेव्हा हँडल बाईच्या हातात द्या.

आपल्या महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा 1977 ला केला, देशात पहिला. त्यात पहिल्यापासून बाई-पुरुष दर एकच. 2025-26 ला रोहयोचा दर 312 रुपये होता, दोघांनाही तेवढाच. खडी फोडणाऱ्या बाईला सरकार जे मान्य करतं ते भात लावणाऱ्या बाईला आपण मान्य करत नाही.

कोणी म्हणेल, सरकारचा दर 312 आणि आम्ही 400 देतो, मग काय वाईट? वाईट हे की गड्याला 600 देताना आपण 312 आठवत नाही.

प्रवासाचंही एक आहे. 4 एप्रिल 2025 ला नांदेड जिल्ह्यात आलेगाव शिवारात हळदीच्या कामाला निघालेल्या बायांचा ट्रॅक्टर-ट्रॉली विहिरीत पडली. सात जणी गेल्या. हिंगोली जिल्ह्यातल्या गुंज गावच्या होत्या. बातमी वाचून दोन दिवस हळहळलो आणि तिसऱ्या दिवशी आपलाच टेम्पो उभ्याने भरून आणला. मीही आणलाय. आमच्या रस्त्याला तर हायवेची वाहनं. एकदा वळणावर फळका निसटला आणि एक ताई खाली आल्या. नशिबाने हातावर निभावलं. उपचाराचा खर्च मी दिला, पण आठ दिवसांचा रोज बुडाला तो दिला नाही. तेव्हा सुचलंच नाही. आता लिहिताना लाज वाटते.

एवढं सगळं झाल्यावर मी काय केलं ते सांगतो, कारण नुसतं ज्ञान पाजळणं बरोबर नाही.

कापणीच्या आधी रानाच्या कोपऱ्यात चार बांबू, शेडनेटचा जुना तुकडा आणि शोषखड्डा करून आडोसा केला. शेजारी पाण्याची कॅन आणि साबण. 1800 रुपये लागले. त्याच मावशींना निरोप दिला, कापणीला चार जणी घेऊन आल्या. आडोसा बघून काही बोलल्या नाहीत. दुपारी मात्र पहिल्यांदाच पाण्याचा हंडा रिकामा झालेला पाहिला.

येत्या लावणीपासून आमच्याकडे दर एकच राहील. बाई 600, गडी 600. दुपारी एक तास सुट्टी, रोजचे पैसे रोज, वाहतूक बसून. मावशींना आत्ताच सांगून ठेवलंय.

ह्याचा खर्च किती? 24 दिवसांना 200 जादा म्हणजे एकरी 4800. दहा क्विंटल तांदळावर किलोला 4 रुपये 80 पैसे. उशिरा लावणीने साडेसात हजार गेले असं धरलं तर वेळेवर आलेली टोळी 4800 ला स्वस्तच पडते. शिवाय गिऱ्हाइकांना मी सरळ सांगितलं, ह्या वर्षी तांदूळ 65 रुपये, पाच रुपये लावणीच्या बायांचे. काहींनी तोंड वाकडं केलं, बहुतेकांनी घेतला.

पण इथं मला प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. मी शहराच्या कडेला आहे, तांदूळ थेट विकतो, भाव सांगू शकतो. जो भाऊ आतल्या खोऱ्यात आहे आणि भात व्यापाऱ्याला घालतो, तो हे 4800 कुठून आणणार? शेजारचा एक जण मला बांधावर येऊन बोलून गेला, "तुझं ठीक आहे, तू रेट वाढवून आमची शेती मोडतोस." त्याचं चुकीचं नाही. मी त्याला म्हटलं, मग आपण दोघं मिळून भाव मागू, पण त्यात बाईची मजुरी धरून मागू. शरद जोशींनी शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन 1986 ला चांदवडला घेतलं, लाखावारी बाया आल्या होत्या. शेतमालाच्या भावाची आणि बाईची लढाई एकत्र नेता येते हे तिथं दिसलं होतं. आपण नंतर भावाचं लक्षात ठेवलं आणि बाईचं विसरलो. भाव वाढवून मागताना "घरच्यांची मजुरी" म्हणायचं आणि भाव मिळाल्यावर ती मजुरी बांधावर आणि घरात पोचवायची नाही, मग आपल्या मागणीत आणि व्यापाऱ्याच्या बोलण्यात फरक काय?

शेवटचा मुद्दा नावाचा. हा सगळ्यात अवघड आहे, म्हणून शेवटी ठेवला.

देशात वहिती खात्यांपैकी बायांच्या नावावर सुमारे 14 टक्केच आहेत, 2015-16 च्या कृषी गणनेप्रमाणे. शेतात काम करणाऱ्यांत बाया किती असतात ते तुम्ही कुठल्याही लावणीला बघा. आता फार्मर आयडी आलाय. तो सातबाऱ्यावरून निघतो. महाडीबीटीवर अर्ज करायचा तर तो पाहिजे. म्हणजे माझी बायको, जिने मागच्या खरिपात एका एकरात बावीस दिवस मोडले, कॉम्प्युटरच्या लेखी शेतकरीच नाही. सोसायटीची सभासद नाही, पीक कर्जाच्या कागदावर नाही. एक बरं आहे, गोपीनाथ मुंडे अपघात योजनेत आता खातेदार नसलेला घरातला एक माणूसही धरतात, दोन लाख मिळतात. म्हणजे साप चावून मेल्यावर ती शेतकरी होऊ शकते. जिवंतपणी नाही.

2011 ला पवनेच्या पाण्यासाठी मावळात गोळीबार झाला. तीन शेतकरी गेले, त्यांत एक बाई होती. पाण्यासाठी आणि जमिनीसाठी रस्त्यावर उतरताना बाई पुढं असते, गोळी तिला ओळखते. फॉर्म भरताना मात्र रकाना एकच, खातेदाराचं नाव.

आमच्या देहूरोडला 25 डिसेंबर 1954 ला बाबासाहेबांनी स्वतःच्या हाताने बुद्धमूर्तीची स्थापना केली. दरवर्षी तिथं लोटणारी गर्दी आम्ही लहानपणापासून बघतो. त्याच बाबासाहेबांनी 1951 ला कायदेमंत्रीपद सोडलं. हिंदू कोड बिल अडवलं गेलं हे त्यामागचं एक मोठं कारण. त्या बिलात मुलीला आणि बायकोला मिळकतीत हक्क होता. पुढं 1956 ला वारसा कायदा आला, 1994 ला महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हिस्सा दिला, 2005 ला तो अख्ख्या देशात झाला. कायदा होत गेला. आपण त्यावर उपाय काढला, हक्कसोडपत्र.

आमच्या भागात जमिनीला सोन्याचा भाव आला तशी हक्कसोडपत्रंही वाढली. मीही घेतलं. वडील गेल्यावर बहिणीला गाडी करून रजिस्टर ऑफिसला नेलं, सही घेतली, येताना हॉटेलात जेवू घातलं आणि साडी घेतली. ती काही बोलली नाही. त्यानंतर भाऊबीजेला येते, बसते, पण पूर्वीसारखी राहत नाही. ह्याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. तिच्याशी बोलायचं आहे, वकिलाला विचारायचं आहे, बक्षीसपत्राने काही गुंठे परत देता येतात का ते बघायचं आहे. अजून केलेलं नाही. इथं लिहून ठेवलं म्हणजे चुकवता येणार नाही, म्हणून लिहिलं.

बायकोच्या नावाचं मात्र केलं. आपल्याकडे लक्ष्मी मुक्ती म्हणून 1992 चं शासनाचं परिपत्रक आहे. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती कार्यक्रमानंतर ते निघालं. नवऱ्याने हयातीतच तलाठ्याकडे अर्ज करायचा की माझ्या जमिनीला बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावा. फेरफार धरला जातो, हरकतीची नोटीस निघते, 15 दिवस थांबायचं, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. सामाईक खातं असेल तर आपल्या हिश्श्यापुरतंच होतं, म्हणून वाटप झालेलं असलं तर सोपं जातं. बऱ्याच जणांना ही सोय माहीतच नाही. कोणी "असं काही नसतं" म्हटलं तर परिपत्रकाचं वर्ष सांगा आणि अर्जाची पोच घ्या.

घरात थोडी कुरबुर झाली. पोरगा म्हणाला, कशाला, शेवटी आमचंच आहे ना. मी म्हटलं, तुझंच आहे तर आईचं नाव लागल्याने काय बिघडतं?

सातबारा हातात आला त्या दिवशी बायकोने तो दोनदा वाचला आणि कपाटात साड्यांखाली ठेवला. मग विचारलं, "आता सोसायटीच्या मीटिंगची चिठ्ठी मला पण येणार का?" मी म्हटलं, "आधी सभासद व्हावं लागेल." म्हणाली, "मग तो फॉर्म आणा." एवढंच. पेढे नाही, फोटो नाही.

संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष जाहीर केलंय. सत्कार होतील, शाली वाटतील. माझी तुम्हाला विनंती साधी आहे.

शेतकरी भावांनो, ह्या खरिपापासून वहीत एक रकाना वाढवा, घरच्या बाईचे दिवस. रोज संध्याकाळी तिलाच विचारून लिहा, आपल्या अंदाजाने लिहू नका, अंदाज कमीच येतो. दुसरं, रानात आडोसा करा, पहिल्या लावणीच्या आधी. तिसरं, लक्ष्मी मुक्तीचा अर्ज ह्या वर्षी द्या.

कृषी सहायक आणि कृषी विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या प्रात्यक्षिक प्लॉटच्या तक्त्यात "मजुरी" असा एकच रकाना असतो. तो फोडा. बाहेरची बाई, बाहेरचा गडी, घरची बाई, घरचा गडी. आणि शेतीशाळा सकाळी अकराला ठेवून खातेदाराला मेसेज पाठवता, तेव्हा ज्यांच्या हाताने लावणी होणार आहे त्या बाया रानात असतात. वेळ त्यांना विचारून ठरवा. रोपांचं अंतर मला शिकवून उपयोग नाही, माझी ओळ वाकडी येते.

कमेंटमध्ये दर वाढवण्याबद्दल शिव्या द्यायच्या असतील तर द्या, पण सोबत आपल्या घरच्या बाईचे दिवसही लिहा. आकडा आला की बोलू.

दुरुस्त केलेला हिशेब खाली. जुनी पोस्ट काढत नाही, चूक दिसली पाहिजे.

एकरी उत्पन्न – 60,000
रोख खर्च – 30,000
घरची बाई, 22 दिवस – 8800
घरचा गडी, 14 दिवस – 8400
शिल्लक – 12,800

ह्यात बायकोचे दिवस अजून 400 नेच धरलेत. पुढच्या वर्षी 600 ने धरणार. नफा आणखी कमी दिसेल. दिसू दे.

राम कृष्ण हरी.